सहभागाचे गुण

माझं काम सोपं आहे.
मागच्या रांगेत खिडकीपाशी बसायचं,
पुढ्यात वर्गाचा नकाशा, त्यात बेचाळीस चौकोन.
कुणी बोललं की त्याच्या चौकोनात एक रेघ.
बरं बोललं तर दोन.
"मी इल्मारीशी सहमत आहे" एवढंच, तर काही नाही.
शंभरातले तीस गुण या रेघांचे.

या देशात बसथांब्यावर माणसं
एकमेकांत दोन-दोन मीटर राखून उभी राहतात,
गप्प बसण्याबद्दल इथे कुणी कुणाला विचारत नाही.
नियम बाहेरून आणलेला.
सप्टेंबरात सगळे मिठाची गुळणी धरून बसले होते.
आता नोव्हेंबर. आता आवरावं लागतं.

तुर्कू, गुरुवार, सकाळचे सव्वाआठ; बाहेर अजून रात्र.
आजची केस:
नदीकाठचं एक गाव, नाव बदललेलं.
वर्तमानपत्री कागदाचा कारखाना, तीन यंत्रं.
तिसरं बंद करावं का?
परिशिष्ट चार : कामगार चारशे बारा.
हेग्लुंड बाई खडू उचलतात
(मार्करचा वास त्यांना सोसत नाही)
आणि कुणाकडेच न पाहता म्हणतात, "बोला."

इल्मारी विजेच्या दरांवर बोलला. एक रेघ.
सिग्रिड म्हणाली, पुठ्ठा करा, पुठ्ठ्याला मरण नाही,
सगळं जग आता घरपोच मागवतंय. दोन.
ओनेर्वाने गावाच्या करांचं काढलं,
शाळेचं, बर्फ उपसणाऱ्या गाडीचं,
मग आवाज चढला, मग तिचीच तिला लाज वाटली.

कैस्ला केतोला अकरा आठवडे बोलली नव्हती.
तिचा चौकोन इतका कोरा, की मी त्यावर कप ठेवत असे.
तिने हात वर केला नाही. नुसती सुरू झाली.

"यंत्र चौऱ्याऐंशी सालचं. पुठ्ठ्यासाठी त्याची रुंदी चुकते.
टनामागे एकोणीस युरो तोटा,
आणि तो वीज स्वस्त धरून.
बंद करा.
आणि लवकर सांगा.
उशीर केलात तर माणसं नवी कर्जं काढतात."

खडू थांबला.
"हे केसमध्ये नाही," बाई म्हणाल्या.
"नाही," कैस्ला म्हणाली.

मी तीन रेघा मारल्या. नियमात दोनच बसतात.

गुरुवार म्हणजे उपाहारगृहात वाटाण्याचं सूप,
वर मोहरी, मागून जाम लावलेला पॅनकेक.
ती समोर येऊन बसली.
केसचा एक कागद काढून
त्याचा कोपरा दोन बोटांत चोळत राहिली.
"ऐंशी ग्रॅम," म्हणाली. "आमच्याकडचा नाही.
बाबा डोळे मिटून सांगतात."

सूप निवत होतं.
"कुठल्या यंत्रावर?"
"तिसऱ्या. सव्वीस वर्षं."

मी विचारू नये ते विचारलं:
मग बंद करा, असं कसं म्हणालीस?

"त्यांचंच उत्तर आहे ते.
वीजबिलाच्या पाकिटामागे, स्वयंपाकघरात,
संचालक मंडळाच्या दोन वर्षं आधी
त्यांनी हा हिशेब मांडला होता.
आईला म्हणाले, गाडी यंदा नको.
बाकी कुणाला बोलले नाहीत.
त्याच उन्हाळ्यात शेजारच्या रेइयोने होडी घेतली,
हप्त्यांवर. बाबा ती पाण्यात ढकलायला गेले होते."

तिने पॅनकेकची घडी घातली, उलगडली.
"रेइयोला काही माहीत नाही. तो अजून येतो कॉफीला.
बाबाच त्या बाजूच्या खिडकीत बसत नाहीत आता."

मग ती घाईने उठली. तिला सांख्यिकीचा तास होता.

संध्याकाळी मी रेघा मोजून आकडे भरले.
कैस्ला : तीन. कारण लिहायच्या जागी
"मुद्देसूद" लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.
मग दिवा मालवून, डोळे मिटून
तो कागद बोटांत धरून पाहिला.

मला काही कळलं नाही.
ऐंशी असेल. नव्वद असेल.
पुढच्या गुरुवारी विमान कंपनी आहे.